गाळातली वेल

पाणी ओसरलं तेव्हा भिंतीवर रेघ राहिली,
मीटरच्या पेटीखाली चार बोटं,
आणि घरात घोटाभर गाळ.
जुन्या बुधवारात सगळेच खोऱ्यानं तो गटारात लोटत होते.
शालन म्हणाली, "थांबा की जरा."
चिमटीत धरून तिनं त्याचा वास घेतला,
बाजारात मेथीची जुडी हुंगते तसा.

फौंड्रीत एकतीस वर्षं मी वाळू चाळली.
मुठीत दाबली की कळतं,
पाणी किती, चिकणमाती किती.
हा गाळ दाबला. गोळा झाला, फुटेना.
मग चौदा घमेली गच्चीवर नेली,
दर वळणावर गुडघ्याशी भांडत.
तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या,
पुरात मेलेला फ्रिज आडवा टाकला,
त्यात कारखान्याची मळी,
चुलत्याच्या गुऱ्हाळावरची राख.

दसऱ्याला हवा म्हणून झेंडू लावला,
तो भाऊबीज झाल्यावर फुलला.
तोरणाची फुलं कपिलतीर्थातून आणली,
वर भाव करून.

फ्रिजमध्ये वांगी होती.
त्यांच्यात एक रोप उगवलं, आम्ही न लावलेलं.
दोन जाड पानं, मग तिसरं खरखरीत.
मी उपटायला वाकलो.
"एवढ्या लांबनं आलंय," शालन म्हणाली,
"चहा तरी घेऊ दे त्याला."

वरच्या जुबेदाभाभी म्हणाल्या, दोडका.
पोस्टातून रिटायर झालेले इंगवले म्हणाले,
कडू भोपळा, लावा मिसळीची पैज.
कार्तिकात पिवळी फुलं आली, सगळी नर.
सकाळी उघडायची, दुपारी फरशीवर.
मग एक आलं, ज्याच्या मागे
करंगळीच्या पेराएवढी लवदार गाठ होती.
मधमाशी कुठं दिसेना.
मी पेटीतून जुना ब्रश काढला,
साच्याला काळं लावायचा,
पराग उचलला, ठेवला.
एवढं हलकं काम
या हातांनी कधी केलं नव्हतं.

शेवंतीवर मावा पडला, तंबाखूचं पाणी मारलं.
सात वांग्यांतली चार किडली.
मेथी मात्र खुडू तेवढी येत राहिली,
सगळ्या जिन्याला भाकरीबरोबर पुरली.

ईश्वरा चिखलीहून दूध घालायला येतो.
मार्गशीर्षात एकदा मेथी न्यायला वर आला
आणि कठड्याशी उभाच राहिला.
"हे वाळूक आमचं."
आमचं म्हणजे?
"आमच्या घरातलं. हे पांढरं पट्टं बघा,
देठाकडं वाकडं.
आई बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची.
गाडगं गेलं, माळा गेला,
म्हस गेली."
म्हस म्हणाल्यावर तो थांबला.
जुबेदाभाभींनी न विचारता चहा टाकला.
इंगवल्यांनी पैज काढली नाही.

ते फळ शालननं कुणाला तोडू दिलं नाही.
वेल वाळली तरी ते लोंबत राहिलं,
पिवळं, मग तांबूस, मग सुरकुतलेलं.
माघात तिनं ते चिरलं, बी धुतलं,
राखेत घोळून सुपात वाळवलं.
महिन्याच्या एक तारखेला दुधाच्या पैशांबरोबर
ईश्वराला कागदाची पुडी दिली.
त्यानं पैसे मोजले.
पुडी न उघडता आतल्या खिशात ठेवली.

चैत्रात मिरच्यांची पानं मुरडली.
वैशाखात जुन्या लुगड्याचं छप्पर केलं,
आंघोळीचं पाणी बादलीनं वर नेलं,
तरी अबोलीच तेवढी जगली.
रंगारी म्हणाला, रेघ घालवू का?
शालन म्हणाली, वरनं रंगव, खालनं रंगव,
ती तशीच राहू दे,
डबे कुठवर उचलायचे ते कळतं.

आता आषाढ.
ईश्वराच्या बांधावर वाळकं धरलीत म्हणतो,
आणतो म्हणतो, रोज विसरतो.
चव कशी असते, आम्हाला अजून माहीत नाही.
बंधाऱ्यावर पाणी छत्तीस फूट.
आमच्याकडं दोन वेली दोरीवर चढल्यात.
अजून सगळी नर फुलंच.