इंजिन मागे असतं

नूनो म्हणाला, आई, बस.
त्याची खुर्ची, त्याचा पडदा,
की-बोर्डच्या फटींत चिप्सचं मीठ.
मीठ आधी पुसून घेतलं, मग बसले.
समोर हिरवी-पांढरी दुमजली गाडी
आणि मी थेट चालकाच्या केबिनमध्ये.

हे दार मी एकोणीस वर्षं बाहेरून पुसलं,
मिमिकोच्या यार्डात, रात्री साडेअकरा ते सात:
कडीभोवती गोल, मग काचेवर आडवं.
काचेपलीकडे अंधारात रिकामी खुर्ची दिसायची.
किल्ली दुसऱ्यांकडे असे.
आज एक बटण दाबलं आणि दार उघडलं.
कुणी नावही विचारलं नाही.

एक मूठ वेगाची, एक ब्रेकची.
इंजिन कुठंय? मी विचारलं.
मागे. दहा डब्यांच्या मागे.
ते ढकलणार, तू फक्त सांगायचं.
मी वळून पाहिलं.
मागे त्याचा पलंग, घडी न घातलेलं पांघरूण.

हॅमिल्टन सुटलं.
मूठ पुढे केली तरी आधी काहीच होत नाही,
मग उशिरा, लांब कुणीतरी हाक ऐकून उठावं
तसा पाठीत हलका धक्का.
गेममध्ये धक्का नसतो, नूनो म्हणाला.
मला बसला.

माझ्या बेटावर रेल्वे नव्हती.
गाई होत्या, धुकं होतं,
आणि चढावर दम लागणारी एक बस.
आईला पत्रात लिहिलं होतं, मी रेल्वेत आहे.
तिनं गावभर सांगितलं, दिओलिंडा गाडी चालवते.
मी खोडलं नाही.

बर्लिंग्टन. ॲपल्बी. उजवीकडे सरोवर,
खऱ्यापेक्षा निळं.
मध्येच केबिनमध्ये पीं पीं सुरू झालं.
काय चुकलं?
काही नाही. चालक जागा आहे का, ते विचारतंय.
बटण दाबलं की गप्प बसतं.
मी बटण दाबलं.
जागी आहे.
थोड्या वेळानं परत पीं पीं.
जागी आहे, बाबा, जागी आहे.
एकोणीस वर्षं रात्रभर जागीच होते,
तेव्हा एकदाही वाजलं नाहीस ते.

ओकव्हिलला दीड डबा फलाटाच्या पुढे गेला.
गुण कापले.
लाल कोटवाली बाई क्लार्कसनला चढली,
पोर्ट क्रेडिटला तीच परत चढली.
काचेवर एक चिलट नाही.
जूनमध्ये सरोवराकाठून आलेल्या गाडीचं तोंड
मी प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचे,
पंखांचा तो करडा चिखल कोपरापर्यंत यायचा.
ज्यांनी ही गाडी बनवली
त्यांनी दिव्याखालचा ओरखडासुद्धा काढलाय.
चिलटं त्यांना कुणी सांगितली नसावीत.

मिमिको आलं, गेलं.
यार्डात दिवे होते. माणूस एकही नव्हता.

युनियन. शंभरांत एकसष्ट.
प्रवाशांची सोय: असमाधानकारक.
नूनो हसला. आता हे बटण दाब,
थेट दुसऱ्या टोकाला पोचशील, परतीला इंजिन पुढे.
नको, म्हटलं, चालत जाते.
कुणी चालत जात नाही, आई.
मी जाते.
तो जेवण गरम करायला गेला.

डब्यामागून डबा.
वर, खाली, मधला अर्धा मजला,
आठ पायऱ्या. आठच आहेत, मोजल्या.
सीटखाली वाकता येत नाही,
पण बाण दाबून नजर खाली नेता येते.
च्युइंगम नाही. कॉफीचं झाकण नाही.
एका पायाचा लहान मोजा नाही,
असे किती मी रेडिएटरवर वाळत ठेवले
आणि कुणीच न्यायला आलं नाही.

पाचव्या डब्यात, वरच्या मजल्यावर,
डावीकडची खिडकी.
तीनच्या सुमारास मी इथं बसायचे, सहा-सात मिनिटं.
बादली पायरीवर, हातमोजे मांडीवर.
सुपरवायझर ड्वेनला माहीत होतं.
तो खालूनच मोठ्यानं खाकरायचा,
मी उठेपर्यंत वर यायचा नाही.

सीट तीच आहे. कापडही तेच, निळसर.
बसायचं बटण कुठलं, नूनोला विचारायला हवं.
स्वयंपाकघरातून मायक्रोवेव्ह पीं पीं करतोय.
सुटायला चार मिनिटं आहेत, कोपऱ्यात आकडे पडतायत.
मी बूट काढते.