शेडकार्ड

भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी रंग जुळवत होतो.
कुणी खिडकीच्या चौकटीचा कपचा आणून टाकायचा टेबलावर,
हाच पाहिजे म्हणायचा,
आणि मी पांढऱ्या बेसात गेरू, चिमूटभर काजळी,
थेंबभर पिवळा ढवळून पत्र्यावर ओढायचो.
ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही,
हे सावेसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

आता मिठागराच्या अलीकडे, पदीबाईंच्या परसात,
उलट्या पाटीखाली अकरा पिल्लं
आणि मी शाळकरी वहीत रकाने आखून बसलोय.

बाप एकच. चोचीपासून नखापर्यंत काळा.
नाहूरच्या पुलाखाली कुणीतरी कडकनाथ म्हणून विकला;
उन्हात मानेवर तांबूस झाक मारते,
म्हणजे अस्सल नाहीच. ऐट तेवढी अस्सल.
आया तीन.
एक गावठी, भाजल्या तिळाच्या रंगाची.
एक राखी, अंगभर आडव्या पट्ट्यांची.
आणि एक पांढरी ब्रॉयलर, हायवेवर टेम्पोतून पडलेली,
पाय मोडलेला, रात्रीपर्यंत जात नाही म्हणून
मसाला वाटायला घेतला होता पदीबाईंनी.
तो मसाला मग वांग्यात गेला.
खुडूक बसली फक्त गावठी.
तिच्या पोटाखाली तिघींची अंडी, तिला कुठे हिशेब.

मी लिहिलं:
काळ्या पिलाच्या डोक्यावर पांढरा ठिपका, तो पट्टेरीचा नर.
पाठीवर खारीच्या रेघा, ते गावठीचं, तांबडं होणार.
पिवळी ती ब्रॉयलरची; पांढरीच राहतील,
फार तर शाईचे शिंतोडे.
पदीबाई वाचत नाहीत.
पिल्लू उचलतात, पंख फाकवतात, मुळाशी फुंकर मारतात:
"यो कबरा."
हरेल त्यानं महिनाभराची कणी आणायची.

तिसऱ्या आठवड्यात पिसं फुटू लागली, नळ्यानळ्यांतून,
ब्रशाचे केस वाळून उभे राहावेत तशी.
दोन मुंगसानं नेली.
त्यांच्यापुढे मी 'नेलं' लिहिलं, रंगाच्या रकान्यात.
ठिपकेवाले नर निघाले, मला बरं वाटलं.
पण सात नंबर.
सात नंबर पिवळं होतं, लोण्यासारखं,
आणि त्याच्या पंखातून ओल्या सिमेंटचा राखी निघाला,
कडेला गंज, छातीवर काय ते सांगता येत नाही.
अख्खं शेडकार्ड डोळ्यांसमोरून गेलं,
त्याला नाव नाही.
कारखान्यात उरलेसुरले डबे एका पिंपात ओतायचे,
त्याचा स्वस्त प्रायमर व्हायचा, गटाराच्या झाकणांना.
त्या पिंपात सकाळी वाकून पाहिलं
तर ढवळण्याआधी क्षणभर असा रंग दिसायचा.

इबान तेव्हा पायरीवर बसली होती, सातवा महिना.
सून शिलाँगची. मुलगा तिकडे पुलाच्या कामावर होता.
आमच्या मुरूडच्या आत्याचा रोज फोन:
केशर देता ना? नाक कुणाचं येईल हो?
रंग बाकी आपल्याकडचा नको म्हणजे झालं.
मी हं हं करतो, फोन कानापासून लांब धरून.

सात नंबर इबानच्या तळहातावर झोपलं, मान टाकून.
"बाबा, याचं काय लिहिलंय?"
मी वही दाखवली. पांढरं.
ती इतकी हसली की पिल्लू जागं झालं.
वहीचं मागचं पान कोरं होतं
आणि पेन्सिल माझ्या कानावर.
ती तिथेच राहिली.

नवांपैकी माझी पाच बरोबर, पदीबाईंची सहा.
सात नंबर दोघांनाही चकवून गेलं.
मी त्यापुढे फुली मारायला गेलो
तर पदीबाई आतून ओरडल्या, हात पिठाचे:
"थांब रं. ती पिसं गलतील, नवी येतील.
यो पयला हात हाय."

संध्याकाळी रेशनच्या दुकानात पाच किलो कणी घेतली.
दुकानदार म्हणाला, बारीक देऊ की जाड?
हे मला कुणी विचारलंच नव्हतं.