तिसरी रांग

मंदा हुपरीकरला मी पहिल्यांदा बघितलं
ते पाठमोरी.
स्टुडिओत गाण्याचं शूटिंग, मी सोळा वर्षांचा,
रिफ्लेक्टर धरून उभा.
ती तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी.
पिक्चर लागला तेव्हा त्या जागी
हिरॉईनचा पदर होता.

हुपरीला त्यांच्या घरी
चांदीच्या पैंजणांना घुंगरू डाखायचे,
शेकड्यावर मजुरी.
मोजायला मी तिथं शिकले, म्हणायची,
बोटं भाजत. ताल नंतर आला.

मग गारगोटीला, फळ्यांच्या स्टेजवर,
दोन फळ्यांच्या फटीत
गुडघा गेला.
डॉक्टर म्हणाले, जिनासुद्धा जपून.
तिनं खडू घेतला.

मंगळवार पेठेत तालमीच्या माळ्यावर क्लास.
(जिना होताच. सतरा पायऱ्या.)
खाली पोरं जोर मारायची,
वर गॅदरिंगच्या मुली.
टेपरेकॉर्डर बिघडला त्या आठवड्यात
तिनं खालच्या दमावरच नाच बसवला,
हं वर पाऊल, हं वर मान.
वस्ताद वर येऊन बघून गेले.
म्हणाले, आमची पोरं चुकत्यात, तुमच्या न्हाईत.

नाटक हातात घेतलं तेव्हा नट हसले :
बाई, नाचवणार न्हाई न्हवं आमाला?
न्हाई, आधी उभं राहायला शिकवते.
आठ दिवस नुसतं उभं केलं.
वाक्य नाही, हात नाही.
पाचव्या दिवशी बँकेतला कॅशियर रडला,
का ते त्यालाही सांगता येईना.
ती म्हणाली, हां. आता तिथनं एक पाऊल.

तीस वर्षं मी तिचे दिवे केले.
अजून तिला स्टेजचा मधला भाग आवडत नाही.
गर्दीचा सीन असला की आधी
तिसऱ्या रांगेतल्यांची नावं विचारते,
घरी कोण, काय काम करता,
आणि मग कुठं राजाला बोलावते.

परवा रंगीत तालमीला विंगेत उभी होती,
हात मागं, पाठ भिंतीला.
चपलेतला अंगठा मात्र मोजत होता.
मी प्लॅनमध्ये नसलेला एक बेबी
हळूच तिच्यावर सोडला,
अगदी मंद, वीस टक्के.

मान न वळवता म्हणाली,
शंकऱ्या, चौथ्या पोरीवर अंधार आहे.
तो उचल आणि तिकडं लाव.