पाय पाहून अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
माझं काम उलटं.
मी पाय पाहते, आणि अंथरूण सुचवते.

ला पाझचं बसस्थानक, खिडकी क्रमांक चार.
एकोणीस वर्षं हेच स्टूल, मांडीवर हीच घोंगडी.
आधी बूट बघायचे. मग बॅगेचं चाक.
मग भाव विचारताना माणूस
जमिनीकडे बघतो की माझ्याकडे, ते.

परक्यांना एक गोष्ट समजवावी लागते:
आमचं शहर म्हणजे खोल वाडगं.
इथे वर चढावं तसा भाव उतरतो,
आणि श्वासही.
पैसेवाले तळाशी राहतात, कालाकोतोला.
तिथे झाडं, जाड गाद्या, हवासुद्धा दाट.
हवेचे पैसे बिलात वेगळे लावत नाहीत, एवढंच.

जर्मन जोडपं, म्हातारं, बाईचे ओठ निळसर:
"खाली जा. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.
सातशे पडतील, पण रात्री झोप लागेल."

तीन पोरी, पाठीवर तंबू, तिघींत मिळून दीडशे:
"चर्चमागची गल्ली, आठ खाटांची खोली.
दाराजवळची वरची खाट नको, छत गळतं.
आणि ओल्या हाताने शॉवरला शिवू नका,
तो पाण्याआधी वीज देतो."

कोचाबाम्बाचा औषधविक्रेता,
त्याला खोलीपेक्षा पावती मोठी हवी असते.
तसंही एक हॉटेल आहे माझ्या वहीत.
नाव इथे सांगत नाही.

आणि एकदा तो, टायरच्या चपला घातलेला,
मुलीचं ऑपरेशन, हातात कापडी पिशवी.
काही विचारलंच नाही त्याने. पाटी वाचत उभा राहिला.
मी म्हटलं, इस्पितळासमोर दोन्या सातुर्निना,
हिरवं दार. सांग, एउसेबियाने पाठवलंय.
माझ्या नावाने तिथे वीस कमी होतात.
सातुर्निनाचा आणि माझा रोजचा फोन.
तोंड एकमेकींनी पाहिलेलं नाही.

कोणी कोणी विचारतं, "तुम्ही कुठलं घ्याल, बाई?"
मी हसून नकाशा घडी घालते.
माझं घर वर, एल आल्तोच्या अगदी कडेला.
हॉटेलात मी कधी पाठ टेकलेली नाही.

मग तो मंगळवार.
रस्ते अडवलेले, वळणावळणावर जळते टायर,
केबलकारही दुपारपासून लटकून राहिलेली.
चालत तीन तासांची चढण आणि हे गुडघे.
शटर ओढलं, आणि पहिल्यांदाच
माझ्या खिडकीच्या त्या बाजूला उभी राहिले.
पाकिटात ऐंशी.
स्वतःचे बूट पाहिले.
काही सुचेना.

हिरवं दार बुटक्या बाईने उघडलं.
"एकटीच? एकच रात्र? नाव?"
नाव सांगितलं.
तिचं पेन थांबलं.
"आवाज केवढा जाड तुझा,
मला वाटायचं तू उंच असशील."
मग वीस कमी केले, सवयीने.
"खिडकी हवी की भिंत? खिडकीचे दहा जास्त."

एकोणीस वर्षं मीच सांगत आलेय:
झोपायचंच तर आहे, खिडकी कशाला?
दहा काढून दिले.

तिसरा मजला. दिवा मालवला
आणि वाडग्याची सगळी कड पेटलेली दिसली,
खालून वर, दिव्यांवर दिवे,
थेट तिथपर्यंत जिथून आकाश कुठलं ते कळेना.
त्यात एक माझा असणार.
सकाळी घाईत स्वयंपाकघरातला बल्ब
मी चालूच ठेवला होता.
शोधत बसले. विजेचं बिल आठवत बसले.
रात्र बरीच गेली.

सकाळी सातुर्निनाने गरम आपी दिलं, जांभळं, दाट,
पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाली,
आज फोन करू नकोस, आत्ताच बोललो ना.

खिडकी क्रमांक चार उघडली, वही काढली,
तिच्या नावापुढे नवी ओळ लिहिली:
तिसरा मजला. खिडकीचे दहा द्यावेत.
जरा थांबून, खाली आणखी एक:
उशी दगड आहे.