छतावरची धूळ

विमानाच्या पोटात धूळ खाली असते.
बुटांची, धावपट्टीकडच्या मुरमाची,
कधी शेंगदाण्याची टरफलं.
ती खालीच असायला हवी.
त्या मंगळवारी ती मला वर सापडली,
छताच्या कापडाला चिकटलेली,
आणि महिन्यापूर्वी हरवलेला माझा दहाचा पाना
मागच्या काचेपाशी, उन्हात पहुडलेला.

तेवीस वर्षं पाने फिरवतोय मी हडपसरला.
कळायला एवढं पुरे:
हे दोन माणसांचं शिकाऊ विमान
काल कुठंतरी उताणं झालं होतं.
समोरच पट्टी आहे, लाल अक्षरांत: कसरतींना मनाई.
पट्टी मीच बसवलेली. चार स्क्रू.

शार्दूल घुले आला, गॉगल केसांवर चढवलेला,
म्हणाला, "काका, लोण्यासारखं चालतंय तुमचं विमान."
मी त्याच्याकडे पाहिलं, धुळीकडे पाहिलं,
आणि ओल्या फडक्यानं छत पुसून घेतलं.
एवढंच.
बहिणीच्या साखरपुड्याचे पेढे होते त्याच्या हातात.
मी दोन घेतले.

आता हिशेब करतो, रोज, फुकटचा.
काटा सांगतो समुद्रापासूनची उंची.
समुद्र कुठे, पुणं कुठे!
काटा चोवीसशे फूट म्हणाला, तर त्यातले एकोणीसशे
हे खालचं दगडी पठार आधीच खाऊन बसलेलं.
उरले पाचशे.
त्यात एप्रिलची दुपार, हवा ताकासारखी पातळ,
पंखाला धरायला काही नाही.
नाक वर, मग खांदा खाली, मग जग उलटं:
उरुळीकडची गुऱ्हाळं आभाळात,
आणि इंजिन, ज्याला उलटं प्यायला शिकवलेलंच नाही,
एक घोट चुकवतं.
इथे तीनशे गेले.
सुलटं व्हायला उरल्याहून जास्त लागतात.
वजाबाकी शून्याखाली जाते,
जमीन मात्र शून्यालाच थांबलेली असते.

अकरा दिवसांनी. गुलछडीच्या वाफ्यात
मंदाकिनी बनकर खुरपत होती.
तिचा भाऊ मोबाईल धरून बांधावर उभा,
त्याच्यासाठीच होतं सगळं, शाळासोबती.
तिनं नंतर मला सांगितलं,
"इतकं खाली, की त्याचे दात दिसले. हसत होता हो.
मग तारा दिसल्या असतील त्याला.
दुपारच्या तारा आम्हालाही कुठे दिसतात?"

चौकशीवाले आले. सभ्य माणसं.
इंजिनाचं विचारलं, केबलींचं विचारलं,
नोंदवही चाळली, माझ्या सह्या पाहिल्या.
सगळ्या जागच्या जागी.
"यापूर्वी काही जाणवलं होतं?"
फडक्यासाठी वहीत रकाना नाही.
मी पाणी मागितलं.

त्याच्या आईनं तेराव्याला मलाही बोलावलं.
"तुम्ही जपायचात ना त्याचं विमान," म्हणाली,
आणि आग्रह करून वाढलं.

नवी पोरं येतात. चांगली पोरं, गॉगलवाली.
संध्याकाळी हँगरची दारं ओढण्याआधी
मी प्रत्येक विमानात वाकून शिरतो,
उघडा तळहात छतावरून फिरवतो, पुढून मागे,
आणि बाहेर येऊन ट्यूबलाइटखाली धरतो.
काल जरा करडा दिसला.
तसाच, न पुसता,
मी ऋत्विजला हाक मारली.