अठरा फूट

कनू भाड्यानं देणाऱ्या वर्लिन हॅस्केटनं
आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"पोहता येतं का?"
"बुडता येतं," बाप म्हणाला.

रात्रपाळी संपवून मी तशीच आलेली,
हॉस्पिटलचे बूट अजून पायात.
गाडीत टरबूज, बर्फाची पेटी, काकड्यांच्या लोणच्याची बरणी
आणि एकाहत्तर वर्षांचा ऑरिन प्रुएट :
जन्म ह्या नदीपासून वीस मैलांवर,
आणि नदीत कधी घोटाभरही उतरला नाही.

एकोणतीस वर्षं शिशाच्या खाणीत होता.
मिझुरीच्या ह्या डोंगरांखाली हजार फूट.
आमच्या घरात पाणी म्हणजे
पंप बंद पडल्याचा फोन,
घास ताटात, बाप दारात.

वल्हं त्यानं फावड्यासारखं धरलं
आणि नदी उपसायला घेतली.
ह्या काठाचं त्या काठाला सांगत
कनू निघाली.
एक बगळा आम्हाला बघून तीनदा उडाला,
तीनदा पुढच्याच वळणावर जाऊन बसला.
"हा आपल्यातलाच दिसतो."

खाली एकेक गोटा दिसत होता, गोट्यावरचं शेवाळ,
शेवाळावरून माशाची सावली,
मासा मात्र सावलीहून जरा बाजूला.
मी दाखवत होते. तो हं हं म्हणत होता.
पाण्यात बघायचं नाही, पाण्यावर लक्ष ठेवायचं,
अशी त्याच्या डोळ्यांना सवय.

रात्री गोट्यांच्या काठावर तंबू ठोकला.
पाठीला टोचत होतं, अंधारात नदी चालू होती.
अर्धवट झोपेत त्यानं विचारलं,
"पंप चालू आहे ना?"
रात्रपाळीत असल्या प्रश्नांना
मी खरी उत्तरं देत नाही.
"चालू आहे," म्हटलं.
तो कुशीवर वळला.

रविवारी झऱ्यापाशी पोचलो.
कड्याच्या बुडाशी निळं भोक,
पाणी खालून वर येतं, आवाज न करता,
वर येऊन नुसतं रुंद होतं.
बाप वाकला. चष्मा घसरला.
पानासारखा हेलकावत, घाई न करता
खाली गेला आणि वाळूवर टेकला,
काड्या पसरून, आमच्याकडे बघत.

"हातभर तर आहे," म्हणत त्यानं बाही सारली.
मी दुसऱ्या अंगाला रेलले म्हणून कनू राहिली.
खांद्यापर्यंत हात आत, आणि चष्मा होता तिथंच.
शेजारच्या कयाकमधला पोरगा,
दातांना तार लावलेला, म्हणाला,
"अठरा फूट आहे ते, सर."
त्यानं दोनदा बुडी मारली.
दोनदा कान दाबत वर आला,
ओठ जांभळे, मुठीत वाळू.
बापानं त्याला टरबुजाची फोड दिली.

मग बराच वेळ बापानं हात पाण्यातच ठेवला.
मला वाटलं, बधिर झाला असेल.
"हे तेच आहे," तो म्हणाला.
"काय?"
"ह्या गारठ्यावरून कळतं. बुटात शिरायचं.
उन्हाळा असो, हिवाळा असो, एवढंच गार.
हेच आम्ही उपसून फेकत होतो, ट्वायला, दिवसरात्र."
हात बाहेर काढून त्यानं तो डोळ्यांजवळ धरला,
चष्म्याशिवाय जेवढं जवळ धरावं लागतं तेवढं.
"मला वाटायचं, हे काळं असतं."

पुढचे चार मैल मी मागून सांगत गेले :
डावीकडे ओंडका. आता खळाळ. आता कासवं, पाच.
"सहा असतील," तो म्हणायचा.

वर्लिननं वल्ही मोजली, जॅकेटं मोजली.
मी पैसे देऊन आले तर बाप गाडीत बसलेला,
मांडीवर लोणच्याची बरणी.
काकड्या कुठं गेल्या, विचारलं नाही.
बरणीत नदी होती, तळाशी मोहरीचे दोन दाणे.
घरापर्यंत तो ती काचेसमोर धरून होता,
उन्हात, फिरवून फिरवून.
त्याला काय दिसत होतं कुणास ठाऊक.
खड्डा आला की मी गाडी हळू करत होते.