लोणा

आमच्या गावची विहीर कधी आटली नाही.
पाणी आहे, काठोकाठ आहे,
पण ओंजळ तोंडाला लावली की चेहरा वाकडा होतो.
चहा फाटतो.
डाळ रात्रभर चुलीवर ठेवा,
दाणा आपला हट्ट सोडत नाही.

बाबा गवंडी. उकंडराव वाकोडे म्हटलं
की पूर्णेच्या दोन्ही काठांवर ओळखतात.
दोन शाळा, एक समाजमंदिर, संडास तर मोजलेच नाहीत.
माल कालवण्याआधी ते पाणी जिभेवर ठेवतात,
थुंकतात,
आणि टँकरची वाट बघत बिडी पेटवतात.
मालक घाई करतो.
"खाऱ्या पान्यानं माल धरते, भाऊ,
पन धरून राह्यत नाही.
तिसऱ्या वर्षी भितीले लोना सुटते.
बोट लावलं का पीठ."

मी अमरावतीला, चौथ्या मजल्यावर,
वेगळे गवंडी सांभाळते.
उंदराच्या हाडातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे.
सदतीस अंशांच्या कपाटात, गुलाबी पाण्यात राहतात.
दर दोन दिवसांनी त्यांचं पाणी बदलते.
(गावात नळ आठव्या दिवशी येतो.)
आधी ते सूत पसरतात, मग त्या सुतात चुना भरतात,
एवढंच काम.
निम्म्या बशांना नेहमीचं पाणी दिलं,
निम्म्यांना थोडं मीठ जास्त,
चिमटीच्या हिशेबातही न बसणारं.

एकवीस दिवसांनी रंग ओतला,
लाल, फक्त चुन्यालाच धरणारा.
पहिल्या बशा खळ्यात वाळत घातलेल्या मिरच्यांसारख्या.
दुसऱ्या फिक्या.
मेल्या नव्हत्या त्यातल्या पेशी. मी दोनदा मोजल्या.
हजेरीला सगळे होते, हातात थापी होती,
भिंत तेवढी चढत नव्हती.

पोळ्याला घरी आले तर आईचं मनगट प्लास्टरमध्ये.
ओट्यावर घसरली, हात टेकला, मोडला. इतकंच.
डॉक्टर म्हणाला, वय.
माझ्या ओठांवर पाणी हा शब्द आला आणि मी तो गिळला.
बशीवरून बाईबद्दल बोलू नये,
हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

तरी बाबांना सांगितलं. रात्री, अंगणात.
ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले,
"मंग मीठ बिलकूलच नाही देलं त?"
मरतात, बाबा. फुगतात आणि फुटतात.
"म्हंजे मापाची गोठ हाये."
हो. आणि अंगातलं बरंचसं मीठ हाडातच साठलेलं असतं.
ते भिंतीकडे बघत राहिले.
आमच्याच भिंतीकडे, जिचा खालचा हातभर पोपडा
दरसाल गळतो, दरसाल लिंपतात.
"चाळीस वर्सं," ते म्हणाले,
"लोकाइच्या भितीइले गोडं पाजलं म्या."
पुढचं वाक्य बिडीबरोबर विझलं.

दुसऱ्या दिवशी कामावर वीस लिटरचा एक कॅन कमी भरला.
मालक ओरडला म्हणे.
कॅन आमच्या चुलीपाशी होता,
बाहेरून सिमेंटचे ओघळ वाळलेले.

त्या दुपारी डाळ अर्ध्या तासात शिजली.
आईनं डाव्या हातानं वाढली,
बोट बुडवून चाखली,
आणि म्हणाली,
"मीठ कमी पडलं वाट्टे."